बायच्या अंगणातले रविवार

मी गणिताच्या शिकवण्या घेते. राजारामपुरीत, राहत्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत, गेली सव्वीस वर्षं. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना विचाराल तर ती सांगतील की बाईंचं शिकवणं चांगलं, पण बाईंना धीर नाही. गणित फळ्यावर लिहून होईतो वर्गातून उत्तर आलं नाही, तर माझा पारा चढतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण मला सांगायचं आहे ते एका धीराच्या माणसाबद्दल आणि त्याच्याहून धीराच्या एका कुत्रीबद्दल.

माणूस म्हणजे आमच्या ह्यांच्या फौंड्रीतले जुने मोल्डर. शिरोली एमआयडीसीत काळ्या वाळूचे साचे करण्यात त्यांची हयात गेली. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. फौंड्रीच्या आवारात जन्मलेली एक तांबूस गावठी कुत्री, चाचा रिटायर झाले त्या दिवशी, त्यांच्या सायकलमागून घरापर्यंत आली आणि राहिली. तिला ते नुसतं 'बाय' म्हणत. घरात नमाज होतो म्हणून उंबऱ्याच्या आत तिला मनाई, पण अंगणात तिचंच राज्य. तिला खायला घातलं की चाचा हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच घरात जात. तीही कधी उंबऱ्यावर पाय ठेवत नसे. दोघांनी एकमेकांचं सोवळं असं बिनबोभाट सांभाळलेलं मी पाहिलं आहे, आणि माणसामाणसांतही इतकं सामंजस्य मला फार कमी ठिकाणी दिसलं.

बायला चार पिल्लं झाल्याचं हे कुणाकडून तरी ऐकून आले आणि मी दुसऱ्याच दिवशी भाजीची कापडी पिशवी घेऊन निघाले. आमच्याकडे पद्धतच ती. पिल्लाचे डोळे उघडले, ते लुटूलुटू चालायला लागलं, की पिशवीत घालायचं आणि आणायचं. लहान असतानाच आणलं की लळा लागतो, आईच्या दुधाची सवय मोडायला सोपं जातं, असं सगळे सांगतात. मलाही कुणी तरी तसंच सांगितलं होतं. पिल्लं तेव्हा वीस दिवसांची होती.

चाचांनी पिशवीकडे बघितलं आणि मला बसायला पाट दिला. चहा झाला. मग त्यांनी सांगितलं की पिल्लू देईन, पण साठ दिवसांनी. त्याआधी कुणालाच देत नाही. आणि ज्याला पिल्लू हवं त्याने दर रविवारी यायचं, येताना बायला भाकरी आणायची, तिच्यासमोर अर्धा तास बसायचं. हात लावायचा नाही, उचलायचं नाही. नुसतं बसायचं. पिल्लू कुणाकडे जाणार ते आईला माहीत नको का, असा त्यांचा सवाल होता. एखादा रविवार चुकला की हक्क गेला.

मी म्हटलं, अहो, महिन्याची पिल्लं लोक सर्रास नेतात. त्यावर त्यांनी मला फौंड्रीतली गोष्ट सांगितली. वाळूच्या पेटीत लोखंड ओतलं की वरून ते लगेच घट्ट झाल्यासारखं दिसतं. नवा माणूस उतावीळ होतो, पेटी फोडतो. माल बाहेर येतो, दिसायला झकास. पण आत तडा गेलेला असतो, आणि तो तडा दिसतो कधी, तर मशिनीला लावून त्याच्यावर जोर पडला की.

"वतलेला माल आपून गार करत न्हाय, बाई," ते म्हणाले. "त्यो आपला आपून गार हुतो. आपून फकस्त हात लांब ठेवायचा."

मग त्यांनी सहज विचारलं, "आधी कुत्रं पाळलंतासा का कधी?"

मी म्हटलं, "नाही."

खोटं होतं ते. इतक्या झटकन तोंडातून गेलं की मलाच आश्चर्य वाटलं. चाचांनी दिलेली भाकरी बायच्या पुढ्यात ठेवताना मी उजवा हात मागे ठेवला आणि डावा वापरला.

पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक कुत्रा होता. पंचवीस दिवसांचा असताना मी त्याला ह्याच पिशवीतून आणला होता. बाटलीने दूध पाजलं, मांडीवर झोपवला, ऊन लागू दिलं नाही. जो येई तो म्हणे, बाई, आईसुद्धा एवढं करणार नाही. मीही ते खरं मानत होते. पण तो मोठा होऊ लागला आणि खेळता खेळता चावू लागला. रागाने नव्हे, प्रेमानेच, पण सगळा जबडा लावून. मी ओरडले, नाकावर चापट्या मारल्या. त्याला तोही खेळच वाटला. माझ्या उजव्या मनगटावर त्याच्या दातांच्या चार खुणा आहेत. त्या मी बांगड्यांखाली झाकते. शेवटी शिकवणीला येणाऱ्या एका मुलीने त्याला बिस्किट दिलं, आणि त्याने बिस्किटाबरोबर तिचा तळवाही धरला. टाके पडले. तिचे आईवडील भले, काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तिला पुन्हा पाठवलं नाही.

आठवड्याभरात आम्ही त्याला मलकापूरला ह्यांच्या चुलतभावाच्या शेतावर सोडून आलो. लोकांना सांगितलं की तिकडे मोकळा हुंदडतो. खरं तर तो गोठ्याशेजारी साखळीला असतो. मी त्यानंतर एकदाही गेले नव्हते. हे वर्षातून दोनदा जात, आल्यावर मी काही विचारत नसे, आणि हेही आपणहून काही सांगत नसत.

म्हणून मला पिल्लू हवं होतं. घर राखायला नाही, करमणुकीलाही नाही. एकदा तरी हे काम माझ्या हातून नीट व्हायला हवं होतं. आणि चाचांना खरं कळलं तर ते मला पिल्लू देणार नाहीत, याची मला पक्की खात्री होती.

रविवार सुरू झाले. पहिल्या रविवारी बायने माझ्याकडे बघून दात दाखवले. दुसऱ्या रविवारी भाकरी घेतली, पण तोंड फिरवून खाल्ली. चारांतलं एक पिल्लू, कानावर पांढरा ठिपका असलेलं, माझ्या चपलेवर येऊन झोपलं. ते माझं असं मी मनात ठरवून टाकलं. अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसणं म्हणजे काय असतं ते माझ्यासारखीला विचारा. पहिल्यांदा मी शेजारच्या भिंतीच्या विटा मोजल्या. मग हळूहळू बायकडे बघू लागले, आणि मग बघतच राहिले.

एका रविवारी तिने खाल्लेलं सगळं पिल्लांपुढे ओकून टाकलं. मी घाबरून चाचांना हाक मारली, डॉक्टरांना बोलवा म्हटलं. ते गालात हसले. पिल्लं त्यावर तुटून पडली होती. दूध सोडायला शिकवते आहे ती, चाचा म्हणाले. आधी मऊ करून देते, मग अर्धवट चावून, मग नुसतं टाकते पुढ्यात. पिल्लं तर दात फुटल्यावर तिला ओरबाडून काढत होती. तरी ती त्यांना एकदम तोडत नव्हती. आधी बसून पाजायची, मग उभ्यानेच पाजू लागली, म्हणजे ज्याला हवं त्याने मान उंच करून कष्ट करावेत. हे तिला कुणी शिकवलं होतं? मी बी.एड. केलेली बाई, पण मुलांचा हात एवढ्या बेताबेताने सोडवणं मला कधी जमलेलं नाही.

आणि मग तो रविवार, जो मी विसरणार नाही. ठिपक्याच्या पिल्लाने भावाचा कान जोरात चावला. भाऊ कळवळला आणि खेळ सोडून कोपऱ्यात जाऊन बसला. ठिपकेवालं त्याच्यामागे गेलं, पुन्हा चावलं, पुन्हा तेच. खेळायला कुणी उरेना. मग ते आईला लुचायला गेलं आणि तिलाही तसंच चावलं. बायने गुरगुर केली आणि त्याचं सबंध तोंड स्वतःच्या जबड्यात धरलं. मी अर्धी उठले. तिने क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि सोडलं. पिल्लाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. पुढच्या वेळी ते लुचायला गेलं तेव्हा दात आवरून गेलं.

मी मनगटावरच्या बांगड्या खाली ओढल्या. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

सातव्या आठवड्यात बाय पिल्लांपासून उठून फौंड्रीतून आणलेल्या जुन्या लोखंडी पेट्यांच्या ढिगावर जाऊन बसायला लागली. पिल्लांना तिथवर चढता येत नसे. ती खालून केकाटत आणि ही वर डोळे मिटून ऊन खात पडलेली. मला वाटायचं, पिल्लू आईपासून तोडायचं असतं. इथे तर आईच रोज हातभर लांब जात होती, आणि आपण तोडले जातोय हे पिल्लांना कळतही नव्हतं. किती हुशार बाई! मी तिला मनोमन हातच जोडले.

साठावा दिवस रविवारीच आला. मी पिशवी नाही, ह्यांनी आणलेली वेताची पाटी आणि जुनी मऊ चादर घेऊन गेले. बाकीची पिल्लं नेणारे तिघे जणही आले होते. चाचांनी एकेकाच्या हातात पिल्लू दिलं, बायने हुंगलं, सोडलं. माझ्यापाशी आल्यावर ते म्हणाले, "तुमचं अजून न्हाय, बाई. पुढच्या रविवारी बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण रिकामी पाटी उचलून निघाले. घरी आल्यावर ह्यांनी शांतपणे विचारलं, तू त्यांना काही बोललीस का? म्हणजे दोष माझाच, हे ठरलेलं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. पिल्लू आता चांगलं धटिंगण झालं होतं, अंगणभर एकटं उड्या मारत होतं. बाय त्याच्याकडे बघतही नव्हती. मग मात्र माझा तोल गेला. वर्गात ओरडते तशी मी त्या सत्पुरुषावर ओरडले. साठ दिवस म्हणाला होतात, एक रविवार चुकवला नाही, बाकीच्यांना दिलंत आणि मलाच का नाही? जरा स्पष्ट सांगा.

चाचा खाली बसले. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, पहिल्या दिवशी विचारलं होतं त्याच आवाजात. आधी कुत्रं पाळलं होतं का?

आणि मी सांगितलं. पिशवी, पंचवीस दिवस, बाटली, चापट्या, त्या मुलीचा तळवा, मलकापूर, साखळी. लोकांना सांगितलेलं खोटंही सांगितलं. सांगताना रडले, आणि मला रडणं आवडत नाही. बांगड्या वर सारून हात त्यांच्यापुढे धरला. आता पिल्लू मिळत नाही, हे मी मनाशी मान्य करून टाकलं होतं.

चाचांनी हाताकडे पाहिलंही नाही. "त्ये कुत्रं वाईट नव्हतं, बाई," ते म्हणाले. "त्याची शाळा बुडवली कुणीतरी."

मास्तरणीला याहून मोठा फटका कुणी मारू शकत नाही.

"हात म्या पयल्याच दिवशी बघितलाता," ते पुढे म्हणाले. "भाकरी डाव्या हातानं ठेवलीसा तवाच. पिल्लू साठ दिसांत तयार झालं. तुमास्नी जरा जास्त दिस लागलं, यवढंच."

त्यांनी ठिपकेवाल्याला उचलून माझ्या हातात दिलं. बाय पेट्यांवरून उतरली, पिल्लाला हुंगलं, मग माझ्या मनगटाला हुंगलं, आणि परत वर जाऊन बसली.

रिक्षात पिल्लाने माझा उजवा हात तोंडात धरला. मी नुसतं 'आई गं' म्हटलं. त्याने लगेच सोडला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. हे मी त्याला शिकवलेलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही रत्नागिरी रस्त्याने मलकापूरला गेलो. तेव्हापासून माझे रविवार तिकडे असतात. साखळी पोचते त्याच्या हातभर बाहेर मी पाट टाकून बसते, भाकरी पुढे सरकवते, हात मांडीवर ठेवते. पहिले दोन महिने तो भाकरीला तोंड न लावता गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून बसला. आता भाकरी खातो, पण पाठमोरा. चुलतभाऊ म्हणतो, वहिनी, जुनं कुत्रं आहे, कशाला एवढं? आणि संध्याकाळी परत निघताना हे गाडी सुरू करता करता विचारतात, आला का जवळ?

मी म्हणते, अजून न्हाय.