गालांवरचे पेन्सिलचे गोल

रस्त्यातली लहानथोर सगळी माणसं त्यांना ब्रशकाका म्हणत. शाळेच्या फाटकासमोर, औषधांच्या दुकानाला लागून, बारा फूट लांब आणि नऊ फूट रुंद असा त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे त्यांनी अडतीस वर्षं काढली.

"फोटो काय, बोट दाबलं की निघतो," ते म्हणत. "माणूस त्यानंतर घडवावा लागतो."

माणूस घडवणं म्हणजे टचिंग. आधी कच्ची प्रत काढायची. तिच्यावर मऊ पेन्सिलने, जिथे जिथे दुरुस्ती हवी तिथे गोल करायचे. हनुवटीवरची पुटकुळी, चष्म्यावरची चमक, कपाळावरचा घाम. मग पक्की प्रत भिंगाखाली धरून बारीक ब्रशने गोलातली खोड नाहीशी करायची. लाल गाल हा तर काकांचा हातखंडा. लग्नाच्या, निरोपसमारंभाच्या फोटोंत एखाददुसरा ग्लास पोटात गेलेली माणसं हटकून असतात आणि त्यांतल्या काहींची तोंडं कानामानेपर्यंत पेटलेली असतात. काका निळसर हिरव्या रंगात पाणी घालघालून असा पातळ हात फिरवत की लाली जागच्या जागी बसे. पुढे कॉम्प्युटर आला, ब्रश गेला, नाव तेवढं राहिलं. कच्च्या प्रतीवर गोल करायची सवयही राहिली. प्रत्येक कच्ची प्रत पाकिटात घालून, वर तारीख लिहून ते कपाटात ठेवत. अशी चार कपाटं भरली होती.

"फोटो माणूस जन्मभर बघणार," ते म्हणत. "एका ग्लासाची शिक्षा त्याने जन्मभर का भोगायची?"

हे बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःचंच तोंड असे. अर्धा ग्लास घेतला की ब्रशकाका लालबुंद होत, छातीत धडधडे, डोकं ठणके. थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणत, तो चार ग्लास रिचवून कोरडा ठणठणीत बसे आणि ओरडे, "थांबा रे, सिग्नल पडला! गाड्या थांबवा!" सगळी बैठक हसे. काकाही हसत आणि ग्लास बाजूला ठेवत.

एकोणीस वर्षांपूर्वी शेजारच्या औषधवाल्याने त्यांना तोड सांगितली. अंगावर पित्त उठलं की घेतात तशी एक साधी गोळी होती. अर्धा तास आधी घ्यायची, मग खुशाल प्यायचं.

"मीही तुमच्यासारखाच लाल व्हायचो," औषधवाला म्हणाला. "आता बघा माझ्याकडे."

काकांनी करून पाहिलं. लाली नाही, धडधड नाही. दादा बघतच राहिला. "हे पोटातलं टचिंग!" काका म्हणाले आणि त्या दिवसापासून माणसांत मिसळले. अर्ध्याचा एक झाला, एकाचे दोन, आणि गेली दहा-बारा वर्षं दुकान बंद केल्यावर रोज तीन. कधी झोकांडी गेली नाही, कधी आवाज चढला नाही. बायको कुरकुरली की म्हणत, "अगं, माझं तोंड बघ. काही दिसतंय का?"

आणि खरंच काही दिसत नसे.

आठ महिने शौचातून रक्त पडत होतं, तेही त्यांनी कोणाला दिसू दिलं नाही. वडिलांना मूळव्याध होती, आपल्यालाही ती लागली, असा त्यांचा हिशेब. शेवटी चढ चढताना दम लागायला लागला, तेव्हा बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. दुर्बिणीची नळी आत घालून मोठं आतडं तपासलं. आतून कापून आणलेला तुकडा प्रयोगशाळेत गेला.

मंगळवारी, अकराला दहा मिनिटं कमी असताना, डॉक्टरीण बाईंनी कागद समोर ठेवला. बाई तरुण होत्या, पण बोलणं सरळ.

"काका, मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. अजून आतड्याबाहेर गेलेला दिसत नाही. पुढच्या सोमवारी ऑपरेशन करू."

काकांच्या मनात पहिला विचार काय आला असेल? बाईंच्या टेबलावरच्या काचेला डावीकडे ओरखडा आहे आणि तो काढता येईल, हा.

"दारू घेता?"

"थोडी. तीन ग्लास."

"आठवड्याला?"

"रोज," बायको म्हणाली.

"घेतल्यावर तोंड लाल होतं?"

काका खुलले. परीक्षेत उत्तर येत असलेला प्रश्न पडावा तसे. "पूर्वी व्हायचं. मीच बरं केलं ते." आणि त्यांनी गोळीची हकीकत सांगितली.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, दारू पोटात गेली की शरीर आधी तिचा एक विषारी पदार्थ करतं आणि मग तो मोडून टाकतं. काही माणसांना आईवडिलांकडून मिळालेल्या जनुकांतच थोडा फरक असतो. त्यांच्यात हे मोडण्याचं काम रखडतं, विष साचतं, तोंड लाल होतं. तुमच्या गोळीने लाली गेली. विष तिथेच राहिलं."

खोलीतला पंखा फिरत होता तो काकांना एकदम ऐकू यायला लागला.

"म्हणजे... एकोणीस वर्षं?"

"तुमचा आजार त्यानेच झाला, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दारूने आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, जितकी जास्त तितका जास्त, एवढं नक्की. या जनुकाचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी असलेला संबंधही चांगला माहीत आहे. आतड्याबद्दल अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण लाल होणारा माणूस सहसा आपणहूनच कमी पितो. ती लालीच त्याला आवरते. तुम्ही तो आवर काढून टाकलात."

बायकोने काकांच्या मनगटावर हात ठेवला.

"घरात आणखी कोणी लाल होतं का? आणि कोणाला असा आजार?"

"छे. वडिलांना नुसती मूळव्याध. त्यातच गेले, अठ्ठावन्नाव्या वर्षी."

"मूळव्याधीने सहसा माणूस जात नाही, काका," बाई हळूच म्हणाल्या. "तुमच्या भावंडांनाही नळीची तपासणी करायला सांगा. लवकर."

घरी येताच काकांनी अल्बम काढला. दरवर्षी आईच्या वाढदिवसाला सगळं घर जमे आणि त्याच सोफ्यावर, त्याच क्रमाने बसून फोटो निघे. आई, वडील, आत्या, दादा, काका, त्यांची बायको, आणि टोकाला धाकटी बहीण, जिला घरात चिमणी म्हणत. सगळ्यांच्या हातांत ग्लास, सगळ्यांचे चेहरे कसे नितळ.

"बघ. वडील लाल आहेत कुठे? आत्या? चिमणी? कोणीसुद्धा नाही."

बायकोने अल्बमकडे पाहिलंही नाही.

"अहो, अल्बम कोणी केलाय?"

काकांनी अल्बम मिटला.

ते पायांत चपलाही न घालता दुकानात गेले. कपाटातून ‘आई, वाढदिवस’ लिहिलेली पाकिटं काढली आणि कच्च्या प्रती तारखेनुसार फरशीवर मांडल्या. दुपारच्या उजेडात त्या सरळ रेषेत पडल्या होत्या आणि काका गुडघ्यांवर बसून एकेक बघत पुढे सरकत होते.

वडिलांच्या गालांवर गोल. आत्याच्या गालांवर गोल. स्वतःच्या. चिमणीच्या. दर वर्षी तेच चार चेहरे, कलिंगडाच्या फोडीसारखे, आणि वर त्यांच्याच हातची पेन्सिल. आईवर नाही, दादावर नाही, बायकोवर नाही. वडील नेमके असे दिसत असत, हे त्यांना आत्ता आठवलं. इतकी वर्षं वडील म्हटलं की अल्बमातलेच डोळ्यांपुढे येत. वडील ‘मूळव्याधीने’ गेले. आत्या ‘पोटाने’ गेली. नेमकं काय झालं, हे विचारायची पद्धतच घरात नव्हती.

पुढे सरकता सरकता एका वर्षी गोल थांबले. काकांच्या गालांवरचे थांबले, हे बरोबर. ती गोळी सुरू झाली तेव्हाची तारीख. पण त्याच वर्षी चिमणीच्याही गालांवरचे थांबले होते.

मग काकांना सगळं लख्ख आठवलं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, ऐटीत, त्यांनीच गोळ्यांची पट्टी तिच्या हातावर ठेवली होती. "घे चिमे. आता दादाला उत्तर दे."

त्यांनी फोन लावला. चिमणी बसने दोन तासांवर राहायची आणि बायकांना गाडी शिकवायची. पलीकडून तिचा आवाज आला, "क्लच! अहो बाई, क्लच दाबा, मला नका दाबू! हं, बोल भाऊ."

"चिमे, मी तुला एक गोळी दिली होती. ती अजून..."

"ती? पर्समध्ये असतेच की. ती घेतल्याशिवाय मी ग्लासला हात लावत नाही. का रे?"

मागोमाग आलेल्या बायकोने काकांच्या हातून फोन घेतला आणि तिला सगळं सांगितलं.

गुरुवारी चिमणी दुकानात आली. तिच्यामागून दादाही आला. चिमणीने आल्या आल्या काकांना मिठी मारली आणि मग कमरेवर हात ठेवले.

"तू बरा हो. माझं डोकं नको खाऊस. मी सहा तास गाडीत बसून दुसऱ्यांचे ब्रेक मारते, मला काय धाड भरलीय? रोज दोन ग्लास, ते पण हळूहळू."

"अरे लेका, आणि मी?" दादा म्हणाला. "मी तर तुमच्या दसपट प्यालो. माझ्या तोंडावर कधी गोल नव्हता, मला काही नको ती नळीबिळी."

"डॉक्टर म्हणाल्यात, सगळ्या भावंडांनी," बायको म्हणाली. "दारू लाल न होणाऱ्यालाही सोडत नाही, भाऊजी. वडील तुमचेही होते."

दादाने पहिल्यांदा विनोद केला नाही.

काकांनी चिमणीला हाताने धरून फरशीवरच्या फोटोंपाशी नेलं. ती वाकली. एक प्रत उचलून दारातल्या उजेडात धरली.

"ही कोण? मी?"

"तू."

"एवढी लाल? मी अशी दिसायचे?" तिने दुसरी उचलली, तिसरी. "मला कोणी दाखवलं का नाही?"

"मी काढून टाकायचो."

"माझं तोंड? माझ्यापासूनच?" तिचा आवाज चिरकला. "भाऊ, अरे, गाडीत तेलाचा दिवा लागला तर आम्ही दिव्यावर चिकटपट्टी नाही लावत रे! गाडी थांबवतो!"

काका अडतीस वर्षं ज्या स्टुलावर बसले त्या स्टुलावर बसले, आणि बायकोने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं तसे रडले. मग पर्स उघडून चिमणीने गोळ्यांची पट्टी काढली आणि त्यांच्या ब्रशांच्या डब्यात टाकली.

"शुक्रवारची वेळ मिळते का, विचार तुझ्या डॉक्टरणीला. आणि दादा, तूही येतोयस. तोंड वेडंवाकडं करू नकोस."

शुक्रवारी दोघांची तपासणी झाली. दादाच्या आतड्यात काही निघालं नाही. बाहेर येऊन तो हसला नाही, की कोणाला चिडवलंही नाही. पाणी मागून प्याला. चिमणीच्या आतड्यात मांसाचे तीन कोंब होते. ते तिथेच काढून प्रयोगशाळेत पाठवले. सोमवारी काकांचं ऑपरेशन झालं, हातभर आतडं काढलं.

त्यानंतर आठव्या दिवशी चिमणी वॉर्डात आली. काका खाटेवर टेकून बसले होते, हाताला सलाईन. तिच्या हातातला कागद त्यांना दिसला आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"उघड डोळे," ती म्हणाली. "कॅन्सर नाही. दोन कोंब साधे. तिसरा मात्र त्याच वाटेला लागलेला होता. बाई म्हणाल्या, चार-पाच वर्षांनी आला असतात तर आपण वेगळं बोलत असतो." ती खाटेच्या कडेवर बसली. "मला आतमध्ये काही म्हणजे काही कळत नव्हतं रे. काही दुखतसुद्धा नव्हतं."

बायकोने दोघांना पाणी दिलं.

"भाऊ, आईच्या साठाव्या वाढदिवसाचा फोटो हवाय मला."

"अल्बमात आहे की. घेऊन जा."

"ती बाई दुसरीच कोणीतरी आहे. मला कच्चा दे. गोल पुसू नकोस." ती थोडं थांबली. "तुझ्या कपाटांत बाकीची पाकिटं आहेत, त्यांतही असेच गोल असतील ना?"

काकांनी मान हलवली. लाल होणारा प्रत्येक माणूस आजारी पडतो असं नाही, हे बाईंनी त्यांना दोनदा बजावलं होतं. तरी सलाईनचे थेंब मोजता मोजता चार कपाटांतले गाल त्यांच्यापुढून जायला लागले. नवरे, मामा, बँकेतले साहेब, शाळेच्या बाई. ज्यांना लाली हा फोटोतला दोष आहे असं त्यांनीच पटवलं होतं, ते सगळे. आणि मग काका ताडकन उठायला गेले, टाके ओढले गेले तसे कण्हले.

"काय झालं?" बायको धावली.

"फोन दे. चिमे, फोन दे इकडे."

"कोणाला करतोयस? पडून राहा आधी."

"शेजारी," काका म्हणाले. "औषधवाल्याला. तो म्हणाला होता मला. ‘मीही तुमच्यासारखाच लाल व्हायचो.’ माझ्याआधीपासून ती गोळी घेतोय तो."