गोंड्यावरून कळतं, पण उशिरा

जावयाचा, दत्ताचा, फोन आला तेव्हा मी डिंभ्याच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभी होते. "आई गेली," एवढंच तो म्हणाला. सकाळी चहाला हाक मारली तर उठली नाही... एसटी आली नाहीच. मिळेल त्या जीपने घोडेगाव, तिथून आळेफाटा, तिथून आणे असं करत पोचले तोवर सगळं उरकलं होतं. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

हौसाबाई माझ्या विहीणबाई. त्यांचं सासर-माहेर दोन्ही मेंढरं राखणारं; मी जन्मभर अंगणवाडी चालवलेली. लग्नाच्या मांडवात त्यांचं एक बोलणं माझ्या कानावर आलं होतं. "बाईंची पोर हाय, शेणाला हात लावायची न्हाई. चार महिनं टिकली तरी लई झालं." ते मी मनात धरून ठेवलं. चार वर्षं आमचं येणं-जाणं सणापुरतं, बोलणं तब्येतीपुरतं.

मग सुनीताचा, माझ्या लेकीचा, पाय मोडला आणि महिनाभर मला आण्याला राहावं लागलं. तिथे पहिल्यांदा मी सिल्की जातीची कोंबडी पाहिली. पिसं नाहीतच, नुसता पिंजलेला कापूस; कातडी काळी, पायाला पाच बोटं आणि डोक्यावर केसांचा गोंडा. दत्ताने हौसेने तीन आणल्या होत्या. पुढे त्याची नोकरी चाकणला लागली आणि कोंबड्या आईच्या गळ्यात पडल्या. मेंढरं विकल्यापासून रिकाम्या झालेल्या त्या हातांना काम मिळालं, असं मला वाटतं. प्रदर्शनात मांडायची पिल्लं त्या वाढवू लागल्या.

या जातीत एक मोठी अडचण. नर कोणता, मादी कोणती, हे लवकर कळतच नाही. कधी कधी आरवेपर्यंत किंवा अंडं घालेपर्यंत माणूस फसतो. म्हणून लांबलांबून लोक टोपलीत पिल्लं घालून विहीणबाईंकडे येत. त्या पिल्लाला हात लावत नसत. अंगणात सोडायच्या, मूठभर कण्या टाकायच्या आणि भिंतीला टेकून बसायच्या. मीही शेजारी बसू लागले. काम नव्हतं मला दुसरं... "ह्याचा गोंडा बघा, चेंडूवानी गोल. ही तलंग असंल," त्या सांगायच्या. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. "आन् त्याचं केस बघा, मागं वळल्यात. तुराबी रुंद व्हाय लागलाय. त्यो कोंबडा." मग डोक्यावरचा पदर एकदम झटकायच्या. एखादं पिल्लू मान ताठ करून उभं राहायचं, एखादं जमिनीला चिकटायचं. मी शहाणपणाने म्हणाले, "म्हणजे घाबरली ती मादी." त्या हसल्या. "भित्रा कोंबडा काय नसतो व्हय, विहीणबाई? आन् धीट कोंबडी?" पिल्लू लहान असेल तर माणूस कितीही गयावया करो, त्या सांगत नसत.

त्यांची चूक झालेली मी एकदाच पाहिली, पुढच्या वर्षी. मोगरा नावाची पांढरीशुभ्र तलंग होती. गोंडा असा गोल, की पाचव्या महिन्यात विहीणबाईंनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, ही मादी. पुण्याच्या प्रदर्शनात तिचं नाव दिलं. सुनीता तान्ह्या पोरीमुळे येऊ शकत नव्हती, म्हणून सोबतीला मी गेले. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी मोगराला लहान मुलांच्या शाम्पूने धुतलं आणि दत्ताने केस वाळवायच्या मशीनने वाळवलं. पिंजऱ्यावर 'मादी' असं कार्ड. परीक्षकांनी तिला उचललं, पंख पाहिले, बोटं मोजली आणि पिंजऱ्याला पहिल्या नंबरची निळी फीत लावून ते पुढच्या रांगेत गेले.

आम्ही डबा उघडला आणि मोगरा आरवली. पुरतं आरवणंही नाही. गंजलेलं दार ओढावं तसा एक आवाज. पुन्हा एकदा. हॉलमध्ये शेकडो कोंबड्यांचा कालवा, आमच्याशिवाय कुणाला पत्ता नव्हता. काही म्हाताऱ्या कोंबड्याही आरवतात, असं दत्ता घाईघाईने म्हणाला. मीही त्याचीच री ओढली. विहीणबाई पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि कितीतरी वेळ मोगराकडे बघत राहिल्या. मग भाकरीचा हात पदराला पुसून उठल्या आणि थेट परीक्षकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "सायेब, माजी चूक झाली. त्यो कोंबडा हाय."

फीत निघाली. ती एका कॉलेजातल्या मुलीच्या करड्या कोंबडीला लागली. ती मुलगी रडायलाच लागली आनंदाने, तर विहीणबाईंनी जाऊन तिच्या कोंबडीचा गोंडा निरखला आणि म्हणाल्या, "ही मातर खरी हाय गं."

परतताना दत्ता गाडी चालवत होता. मोगरा त्यांच्या मांडीवर टोपलीत. नारायणगाव मागे पडल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमच्या पोरीलाबी म्या आशीच घाईनं पारखली व्हती. मांडवात बोलले. तुमी आयकलं व्हतं, ठावं हाय मला."

इतकी वर्षं मी एक उत्तर तयार ठेवलं होतं. "राहू द्या आता," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ कसं द्यायचं? चुकलं माजं." पुढे घाट लागेपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. मेंढरांची लोकर कातरून राठ झालेला हात... त्यानंतर कधी आण्याला जायला मला निमित्त लागलं नाही. मोगरा पुढे उत्तम कोंबडा निघाला. नाव मात्र त्यांनी बदललं नाही.

परवा सुनीताकडे गेले. विहीणबाईंची खोली तशीच आहे. खाटेवर पायथ्याशी घडी घातलेली त्यांची काळी घोंगडी, आणि त्या घडीत एक खुडूक, अंडी उबवायला आलेली सिल्की रुतून बसलेली. दिवसकार्य झालं त्याच दिवशी शिरली म्हणे. दोनदा उचलून खुराड्यात ठेवली, दोनदा परत आली. शेवटी सुनीतानेच तिच्याखाली सहा अंडी सरकवली आणि खाटेच्या कडेला पाण्याची वाटी ठेवली. मी हळूच पोटाखाली हात घातला. तिने चोच मारली नाही. घोंगडी चांगलीच उबदार झाली होती.

सुनीता चहा घेऊन आली. खाटेवर जागा होती, तरी आम्ही दोघी खाली जमिनीवरच बसलो.