उत्तर द्यायची जागा

गेल्या वर्षी चेन्नईजवळच्या कोवलमच्या चर्चमध्ये जे लग्न लागलं, ते माझ्यामुळे लागलं. हे मी कुणालाही सांगते, आमच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगून झालंय. ते मोडायची वेळ आली होती तीही माझ्यामुळेच, हे मात्र सगळ्यांना सांगत नाही. आज सांगते, कारण आता मला कुणाच्या बापाची भीती नाही.

मी सोलापूरची. लग्न करून चेन्नईला आले, रेल्वेत चिकटले आणि एकतीस वर्षं एग्मोर स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत बसून निवृत्त झाले. मदुरैची गाडी कुठल्या फलाटावर, तंजावरची किती उशिरा, हे सांगण्यात जन्म गेला. माझं तमिळ त्या खिडकीतलं आणि मंडईतलं. त्यात मी कुणाशीही भांडू शकते, पण देवाधर्माचं बोलायची वेळ कधी आली नव्हती. आमच्या घरचे देव मराठीच बोलतात.

वरच्या मजल्यावर नगरकडचा एक मुलगा राहतो, कॉम्प्युटरवाला. तीन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा त्यानं आईला इकडे आणलं. या बाई अगदी नावाप्रमाणे बाई, म्हणजे जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. समोरच्याचं वाक्य चुकलं की अजूनही पुन्हा म्हणायला लावतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रोटेस्टंट. रोज सकाळी सहाला बायबल वाचायचं आणि मग मोठ्यानं प्रार्थना करायची, हा त्यांचा नेम. त्यांचं स्वयंपाकघर बरोब्बर माझ्या स्वयंपाकघरावर, आणि दोन्ही खिडक्या उघड्या. मी चहा गाळता गाळता सगळं ऐकते. ऐकते म्हणजे, ऐकू येतं.

मुलाचं जमलं ते नुंगंबाक्कमच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुलीशी. ती कोवलमची, वडिलांच्या दोन होड्या, घर कॅथलिक. आई चार वर्षांपूर्वी काविळीनं गेलेली. पोरगी मोठी चटपटीत. सासूशी बोलता यावं म्हणून माझ्याकडे मराठी शिकायला यायची आणि 'ळ' माझ्या सुनेपेक्षा स्वच्छ म्हणायची. बाईंनाही पसंत होती. मला वाटलं, यांचा देव एक, पुस्तक एक, पत्रिकेची भानगड नाही. भांडायला जागाच कुठे आहे? माझं अज्ञान, दुसरं काय.

एका रविवारी दुपारी मुलीचे वडील तिला घेऊन बाईंकडे बोलणी करायला आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. येताना चांगली हातभर सुरमई घेऊन आले. बाईंना तमिळ येत नव्हतं, अण्णांना तमिळशिवाय काही येत नव्हतं. मुलगा म्हणाला, मी सांगतो दोघांनाही. बाई म्हणाल्या, "तू साखर घालून सांगशील. ताई सांगतील." झालं, मी पदर खोचून तयार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सुरुवातीचं सगळं छान झालं. मग अण्णांनी कप खाली ठेवला. मनात घोळवत आणलेला एकच प्रश्न त्यांनी विचारला. "माझी बायको ज्या दिवशी गेली, त्या दिवशी दरवर्षी मी तिच्यासाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना ठेवतो. मग आम्ही दोघं कबरीवर मेणबत्ती लावतो. लग्नानंतर माझ्या मुलीला आईसाठी प्रार्थना करायला येऊ द्याल ना? तुमच्या घरात तिला कुणी हसणार नाही ना?"

एवढं मी नीट सांगितलं. बाई म्हणाल्या, "हसायचं काय त्यात? पण गेलेल्या माणसासाठी मागायचं काय? तारण देवाच्या कृपेनं मिळतं, विश्वास ठेवला की मिळतं. मागे राहिलेल्यांनी त्यात भर घालायची म्हणजे प्रभूनं केलं ते कमी पडलं असं झालं. विचारा त्यांना, बायको विश्वासात गेली ना? मग ती आता कुठे आहे असं त्यांना वाटतं?"

मी विचारलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "उत्तरिक्किर स्थलम्."

हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. विचारायला हवं होतं, पण एकतीस वर्षं चौकशीच्या खिडकीत बसलेलं माणूस 'माहीत नाही' म्हणत नाही. स्थलम् म्हणजे जागा. उत्तर म्हणजे उत्तर. माझ्या डोळ्यांपुढे माझीच खिडकी आली. "उत्तर द्यायची जागा," मी ठोकून दिलं.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. "कसलं उत्तर? पापांचं? म्हणजे नरक म्हणायचंय का त्यांना?"

"तसंच काहीतरी असेल," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण मी कामाला चोख ना! खात्री करून घ्यायला अण्णांकडे वळले. नरकाचा तमिळ शब्द मला येत होता, मंडईतल्या भांडणांत रोज ऐकलेला. "बाई विचारतायत," मी म्हणाले, "तुमची बायको नरगम्‌मध्ये आहे ना?"

अण्णांनी बाईंकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मग उठले, हात जोडले आणि जिना उतरून गेले. मुलगी त्यांच्यामागे गेली. मध्ये बोलू नको म्हणून बाईंनी बजावलेला मुलगा चप्पल न घालता त्यांच्यामागे धावला. सुरमई ओट्यावर तशीच राहिली आणि अण्णांच्या प्रश्नाला उत्तर मिळालंच नाही.

"काय झालं? मी काय वावगं बोलले?" बाई मला विचारत होत्या. मी काही सांगितलं नाही. भित्रेपणा केला, सरळ शब्दांत सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगी माझ्या दारात उभी. आत आली नाही. म्हणाली, "आंटी, माझी आई नरकात नाही." मराठीत म्हणाली. मी शिकवलेल्या मराठीत, एकही चूक नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला हाताला धरून आत बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मला माहीत नाही बाळा, तू सांग."

तिनं सांगितलं. अण्णा म्हणाले त्या जागेत जाणारं माणूस देवाचंच असतं, त्याचं स्वर्गात जाणं ठरलेलं असतं. नरकात गेलेल्याची सुटका नाही, इथल्याची मात्र नक्की आहे. फक्त मनाला जे डाग राहिलेले असतात ते धुऊन निघेपर्यंत तिथं थांबायचं. आणि आपण इथून देवाकडे मागितलं तर त्या माणसाला मदत होते.

"अगं, म्हणजे तिकीट कन्फर्म आहे," मी म्हटलं, "वेटिंग रूममध्ये आंघोळ करून, कपडे बदलून मग गाडीत बसायचं." ती रडता रडता हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "लग्न कुठल्याही चर्चमध्ये लावा, मी उभी राहीन. पण आईसाठी मागायचं नाही असं असेल तर मी लग्न करणार नाही. मी तिला तिथं एकटी सोडणार नाही." पोरीचा आवाज जराही हलला नाही. ही बोलते ते करणार, हे मला कळलं.

मी तशीच वर गेले आणि बाईंना सगळं कबूल केलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "नरक हा शब्द त्यांच्यापुढे कुणी काढला?" "मी." "चूक कुणाची?" "माझी." "बरं," बाई म्हणाल्या. चौथीतल्या मुलीसारखी मी उभी होते, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

मग मी माझी वेटिंग रूम मांडली. मला वाटलं, बाई गार होणार. कसल्या होतायत! म्हणाल्या, "तिकीट दुसऱ्यानं काढलं, आपली काही लायकी नसताना काढलं. मग ज्यानं तिकीट काढलं त्यानं धुऊनही घेतलं असेल ना? अर्धवट काम तो कशाला करील? आम्ही सरळ गाडीत बसतो, ताई." माझ्याच गाडीत बसून बाई पुढे निघून गेल्या होत्या.

"आणि चांगलं वागायचं ते?" मी विचारलं.

"ते म्हणतात, विश्वास हवा आणि त्याच्याबरोबर कृत्यंही हवीत. आम्ही म्हणतो, तारण विश्वासानंच, चांगली कृत्यं त्याच्यामागून येतात. आंब्याच्या झाडाला आंबे लागतात. आंबे लागले म्हणून काही ते आंब्याचं झाड होत नाही."

"म्हणजे सकाळी उठून चांगलं वागायचं दोघांनाही आहेच. मग भांडण कसलं?"

"भांडण आहे," बाई म्हणाल्या. "हसण्यावारी नेऊ नका. माझ्या पणजोबांनी याच्यासाठी घरदार सोडलं." ते मला पटलं. माणसानं ज्याच्यासाठी घर सोडलंय त्याच्यावर शेजारणीनं चहा पिता पिता निकाल देऊ नये. पण मी हरणारी नव्हते. पोरीचा आवाज कानात होता.

मी म्हटलं, "बाई, रोज सकाळी प्रार्थनेच्या शेवटी तुम्ही तुमच्या यजमानांबद्दल काय म्हणता?"

बाई लाल झाल्या. "तुम्ही ऐकता?"

"ऐकू येतं."

"मी ह्यांच्यासाठी काही मागत नाही," बाई घाईनं म्हणाल्या. "प्रभूनं ह्यांना मला दिलं, त्याचे उपकार मानते. तेवढंच."

"मग तिच्या आईसाठीही तेवढंच करा. मागू नका. अशी पोर वाढवून तुमच्या हाती दिली, त्याचे उपकार मानायला तुमचा धर्म आड येतो का?"

खिडकीत मी जन्मभर हेच केलं. या गाडीत जागा नाही म्हणून सांगितलं, की कुठल्या गाडीत आहे तेही सांगायचं. बाईंनी सोलायला घेतलेल्या शेंगा बाजूला सारल्या. मग म्हणाल्या, "कधी आहे स्मृतिदिन?" येत्या गुरुवारी होता.

गुरुवारी आम्ही दोघी थिरुवान्मियूरला बस बदलून कोवलमला उतरलो. अण्णा चर्चच्या पायरीवर उभे होते, मुलगा-मुलगी मागे. मी सगळ्यांआधी पुढे झाले. "अण्णा, तो शब्द बाईंचा नव्हता, माझा होता. मला अर्थ माहीत नव्हता आणि मी ते कबूल केलं नाही. मला माफ करा." अण्णा म्हणाले, "अम्मा, चार दिवस मी होडी काढली नाही." ते ऐकून मला रडूच आलं. लपवलं नाही.

मग बाई बोलल्या. या वेळी मी प्रत्येक शब्द दोनदा विचारून घेतला, मगच तोंड उघडलं. "त्यांना सांगा, त्यांच्या पत्नीसाठी मी काही मागणार नाही. माझा विश्वास असा, की मागायचं काही उरलेलंच नाही. पण ही मुलगी तिच्या आईनं वाढवली, म्हणून देवाचे उपकार मानायला मी आले आहे."

अण्णांनी खाली मान घालून ऐकलं. म्हणाले, "मागणं माझं, उपकार त्यांचे. जाणार एकाच ठिकाणी." आणि बाईंना वाट करून दिली.

बाई शेवटच्या बाकावर बसल्या. सगळे उभे राहिले की उभ्या राहत, प्रसाद घ्यायला मात्र उठल्या नाहीत. फादरनी त्या गेलेल्या बाईचं नाव घेतलं तेव्हा मी चोरून पाहिलं. बाईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मला रोजच्या सवयीनं न ऐकताच कळलं.

कबर चर्चच्या मागे, वाळूत. समुद्राचा वारा असा, की पदर डोक्यावर राहीना. मुलीनं मेणबत्ती लावली, विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिसऱ्यांदा तिनं काडी ओढली. तेव्हा बाई पुढे झाल्या, वाळूत गुडघे टेकून बसल्या आणि ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा धरला. मेणबत्ती पेटली आणि टिकली.

हात तसेच ठेवून बाई म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी यांनी मला एक विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. सांगा त्यांना. मेणबत्तीवर माझा विश्वास नाही. पण इथं वारा फार आहे, हिला आडोसा धरायला कुणीतरी लागणार. दरवर्षी हिला घेऊन मी येईन."

मी सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड झाकून घेतलं. पोरगी बाईंना बिलगली, तरी बाईंनी ज्योतीवरचे हात काढले नाहीत.

परतीच्या बसमध्ये बाईंनी लग्नाची तारीख काढली, आणि चर्च कोवलमचंच चालेल, फक्त आपल्या पाळकांनीही प्रार्थना करायची, हेही ठरवून टाकलं. मी खिडकीशी बसून एकटीच हसत होते. काय झालं म्हणून बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "उत्तर द्यायची जागा असंच सांगितलं होतं ना मी? तुम्ही उत्तर दिलंत ते तिच्या कबरीपाशीच. माझं भाषांतर इतकंही चुकलं नव्हतं."