चिखलात निवडलेली फोर्कलिफ्ट

ओल्या काळ्या मातीत डिझेलचा वास मिसळला की असोद्याजवळच्या आमच्या केळी गोदामाचं आवार आठवतं. तिथं विक्रेत्यानं चालवून बघायला आणलेल्या दोन फोर्कलिफ्टपैकी फरशीवर झरझर फिरणारी, छोट्या चाकांची मी पसंत केली होती. आमचे वयस्कर ड्रायव्हर आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, हाई गाडी फरशीनी शे. आपलं आवार चिखलनं शे.” मी चिडलो. आबांनी भरलेले क्रेट उचलून गाडी आवारात नेली आणि दहा पावलांतच ती रुतली. मग मोठ्या, खोल नक्षीच्या टायरांची दुसरी गाडी त्यांनी त्याच चिखलातून अलगद पार नेली. तेवढ्यात मालक आले. मी मान खाली घातली, तर आबाच बोलले, “भाऊनीच सांगं व्हतं, चिखलमा फिराई देखा.” आज खरेदीवर माझी सही लागते, ती करण्याआधी मी चालवणाऱ्याला विचारतो.