बिघडलेलाच रेडिओ हवा होता

आमच्याकडचं सामान आज ना उद्या जातं. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही. ते गॅरेजमध्येच राहतात आणि चहाच्या वेळी कुणीतरी त्यांच्यावरची धूळ झटकतं.

आम्ही तिघं. राघूअण्णा, मुक्ता आणि मी. बेंगळुरूच्या जयनगरात अण्णांच्या घराखाली गॅरेज आहे, तिथून आम्ही जुनं सामान विकतो. कुणी घर बदलतं, कुणी मुलाकडे परदेशी जातं, कुणाचे आईवडील जातात. मागे उरलेलं आम्ही आणतो, पुसतो, फोटो काढतो आणि लिलावाच्या साइटवर टाकतो. सात दिवस बोली चालते. ज्याची बोली जास्त, वस्तू त्याची. अण्णा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं घराणं इतक्या पिढ्या इथे आहे, की त्यांना राग मराठीत येतो आणि शांत मात्र ते कन्नडमध्ये होतात. मुक्ता मूळची पुण्याची, कोरमंगलाला राहते, आयटीतली नोकरी सांभाळून फोटो आणि साइट बघते. मी बेळगावची. बँकेतून सुटले आणि इथे अडकले.

काय विकलं जाईल हे आधी सांगता येतं, असं मला पहिला महिनाभर वाटत होतं.

* * *

पहिल्याच महिन्यात एक मिक्सर आला. जवळजवळ नवा, तिन्ही भांडी शाबूत, खोकंसुद्धा होतं. मुक्तानं खिडकीजवळ छान उजेडात फोटो काढले. मिक्सर उंचावर दिसावा म्हणून अण्णांच्या घरातलं लाकडी स्टूल त्याच्याखाली ठेवलं.

तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी एका बाईंचा मेसेज आला, ‘खालच्या स्टुलाची बोली कुठे लावायची?’ संध्याकाळपर्यंत असे चार मेसेज.

अण्णांनी स्टूल उलटंपालटं करून बघितलं. “यावर बसून माझे वडील दाढी करायचे. यात काय आहे?”

त्यांनाच विचारून शेवटी स्टूल लिलावात टाकलं. सातव्या दिवशी ते विकलं गेलं, तेही आम्ही मिक्सरची जी किंमत धरली होती त्याहून जास्तीला. स्टूल गाडीत चढवून अण्णा आत आले, हात पुसले आणि म्हणाले, “सरी, ठीक. आता मिक्सर कशावर ठेवायचा?”

* * *

झाकणांचं तसंच. एका घरातून भांडी आणताना खोकंभर झाकणं आली. स्टीलची, ॲल्युमिनियमची, पितळेची, एकाचंही भांडं सोबत नाही. मुक्तानं गंमत म्हणून लिहिलं, ‘एकवीस झाकणं, भांडी नाहीत.’ त्या आठवड्यात सगळ्यात जास्त बोली त्याच खोक्यावर लागल्या.

मला नवल वाटलं. अण्णांना नाही. “या शहरात भांडी सगळ्यांकडे आहेत गं शुभा,” ते म्हणाले, “झाकणं हरवलीत.”

* * *

अण्णांना साइट शिकायची हौस आली. मुक्तानं त्यांच्या फोनवर अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, नावानं खातं उघडून दिलं आणि ती ऑफिसला गेली. अण्णांनी सराव म्हणून, त्याच दिवशी मुदत संपणाऱ्या आमच्याच एका भिंतीवरच्या घड्याळावर बोली लावली.

थोड्या वेळानं दुसऱ्या कुणीतरी त्यावर चढती बोली लावली. अण्णांनी त्यावर लावली. त्यानं पुन्हा लावली. मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली तेव्हा अण्णा खुर्चीच्या टोकाला आले होते, चष्मा कपाळावर, आणि मुदत संपून घड्याळ त्यांनी जिंकलं होतं.

“अण्णा, घड्याळ आपलंच आहे.”

“ठाऊक आहे,” ते म्हणाले. “पण त्या माणसाचा हट्ट बघितलास का?”

मुक्ताला कळलं तेव्हा तिला हसू आलं नाही. आपल्याच मालावर आपण बोली लावणं साइटच्या नियमात बसत नाही, आणि नियम बाजूला ठेवला तरी ती फसवणूकच. अण्णांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतः साइटला कळवलं, बोली रद्द करून घेतली आणि त्या माणसाला फोन लावला. माझ्याकडून चूक झाली, असं सरळ सांगितलं. तुमच्या अगदी पहिल्या बोलीला घड्याळ देतो म्हणाले.

मग तो माणूस म्हणाला, “सर, खरं सांगू का? मला घड्याळ नको आहे. मीही तुमच्यावर चिडूनच लावत होतो.”

घड्याळ अजून गॅरेजमध्ये आहे. अण्णा त्याला रोज किल्ली देतात.

* * *

रेडिओ मात्र माझ्या कायम लक्षात राहील. लाकडी पेटीचा, जुना, मोठा. मुक्तानं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘बिघडलेला आहे.’ तरी बोली चांगली चढली. हेब्बाळच्या एका गृहस्थांनी तो घेतला आणि रविवारी न्यायला येतो म्हणाले.

मधल्या तीन दिवसांत अण्णांनी तो उघडला. एवढे पैसे देणाऱ्या माणसाला बिघडलेली वस्तू द्यायची त्यांना लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी रेडिओ बोलायला लागला. अण्णांनी आम्हा दोघींना बोलावून कन्नड बातम्या ऐकवल्या.

रविवारी गृहस्थ आले. सत्तरीचे असतील, इस्त्रीचा शर्ट, बोलणं इंग्रजीत आणि अदबीचं. अण्णांनी बटण फिरवलं. गाणं सुरू झालं. गृहस्थांचा चेहरा हळूहळू पडला.

“हा चालतोय,” ते म्हणाले.

“हो. दुरुस्त केला. वेगळे पैसे नकोत.”

ते खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मग खाली बघत म्हणाले, “मला बिघडलेलाच हवा होता. बायको जाऊन आठ महिने झाले. सकाळ कशीतरी जाते. दुपारी करायला काहीतरी पाहिजे.”

अण्णा उठले. “स्वल्प थांबा,” म्हणाले, आणि रेडिओ आतल्या टेबलावर घेऊन गेले. पाच मिनिटांनी परत आणला. बटण फिरवलं, आवाज नाही.

“दोन ठिकाणी बिघाड आहे,” अण्णा म्हणाले. “एक सोपा आहे. दुसरा सापडायला महिना लागेल.”

गृहस्थांनी रेडिओ दोन्ही हातांनी उचलला. दारातून वळून विचारलं, “नाहीच सापडला तर?”

“फोन करायचा नाही,” अण्णा म्हणाले. “घेऊन यायचं. दुपारी.”

* * *

आणि एक डबा. पितळेचा, कडीचा, पाच किलो तांदूळ मावतील एवढा. एका सूनबाईंनी सासूबाईंच्या मागे घर आवरताना दिलेला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, ‘चि. सौ. कां. मालती हिस, आत्याकडून.’

“ताई, नावामुळे कोण घेणार?” मुक्ता म्हणाली. “दुसऱ्याचं नाव कशाला कुणी घरात ठेवेल? घासून काढू या.” पण घासणारा माणूस गावी गेला होता, म्हणून डबा तसाच साइटवर गेला. झाकणाचा फोटोही टाकला.

एकच बोली आली. त्याच बाईंचा दुसऱ्या दिवशी फोन. बोलण्याचा हेल निपाणीकडचा. “माझ्या बोलीवर कुणी बोली लावली का?”

“नाही.”

“लावली तर मला सांगाल का? मी वाढवते.”

रोज फोन यायचा. सातव्या दिवशीही बोली त्यांची एकटीचीच होती. त्या दुपारी स्वतः आल्या. पन्नाशीच्या, साधी सुती साडी, खांद्याला ऑफिसची पर्स. डब्यापाशी बसून त्यांनी नावावरून बोट फिरवलं, एकेका अक्षरावरून.

“तुमचंही नाव मालतीच का?” अण्णांनी विचारलं.

“हो.”

“मग घरी नाव घातलेली भांडी पुष्कळ असतील.”

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. “आमचं रजिस्टर लग्न. माझ्याकडचं कुणी आलं नव्हतं.”

मुक्ता डबा बांधायला वर्तमानपत्र घेऊन आली. त्यांनी तिचा हात हलकेच बाजूला केला. “बांधू नका. असाच नेते.”

रिक्षा बोलावली होती. त्या बसल्या, डबा मांडीवर घेतला, झाकण नीट फिरवून नाव समोर आणलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघत कन्नडमध्ये विचारलं, “आत्ताच घेतलात का, अम्मा?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “लग्नातला आहे.”