चुलीत गेलेलं बेट

माझा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्यासाठी सेंट नाही, चॉकलेट नाही, पुठ्ठ्याचा एक जड खोका आणला. "जहाजार आमी ह्योच खेळतो. तुका आवडतलो," म्हणाला. खोक्यावर जर्मन अक्षरं. वाचता कोणाला येणार? पण जाण्याआधी त्याने मला पडवीत बसवून खेळ नीट शिकवला.

सहा कोनांचे पुठ्ठ्याचे तुकडे जोडले की एक बेट तयार व्हायचं. कुठे रान, कुठे शेत, कुठे खाण. फासे टाकायचे, त्या आकड्याच्या जमिनीत जे पिकेल त्याचे पत्ते मिळायचे. ते एकमेकांत बदलून लाकडाचे इवले रस्ते आणि घरं बांधायची. जो आधी पुरेशी वस्ती करील तो जिंकला. पैसे नाहीत, पैज नाही.

आमचं गाव मालवणहून मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. घर काजूबागायतदाराचं, मी धाकटी सून. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की आमच्याकडे मासे घेऊन येणारी बाई दुपारची मोकळी असायची. उपकेंद्रातली नर्स रविवारी मोकळी. मी दोघींनाही खेळाला बोलावलं आणि चौथी म्हणून माझ्या थोरल्या जावेला हाताला धरून बसवलं.

खेळात मेंढरं होती. आमच्याकडे मेंढरं कुठली? मासेवालीने त्या पत्त्याला सरळ 'बांगडो' म्हटलं. मग विटेचा जांभा चिरा झाला, गव्हाचं भात झालं, खाणीतल्या दगडाची रेडीच्या लोहखाणीतली माती झाली. तासाभरात पडवीचा बाजार झाला.

"दोन बांगडे घे, एक चिरो दी गो."

"बांगड्याच्या बदल्यात चिरो मागतंस? लाज नाय?" मासेवाली ओरडायची. आयुष्यभर गिऱ्हाइकांनी तिच्याशी घासाघीस केली होती, ती सगळी आमच्यावर काढायची.

पण खरी खेळाडू निघाली माझी जाऊ. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. घरात तिने एकच गोष्ट दोनदा मागितलेली मी कधी ऐकली नव्हती. भाकरीचा शेवटचा तुकडा कुत्र्याला घालून मग स्वतः बसणारी. ती पत्ते छातीशी धरून बसायची आणि देत नसे. "नाय म्हणजे नाय," म्हणायची, आणि ते म्हणताना तिला कोण आनंद व्हायचा! समोरचीचा रस्ता कुठे जाणार हे तिला आधीच दिसायचं. बरोबर तिथे घर बांधून मोकळी व्हायची.

मला तो खेळ इतका आवडला होता की मी ज्याला त्याला सांगत सुटले. हायस्कूलच्या मास्तरांना सांगितलं, मुलांसाठी असले खेळ मागवा, हिशोब शिकतील, बोलायला शिकतील. ते म्हणाले, "पत्ते? शाळेत?" बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, की एखादा खेळ गटासाठी घेऊया. अध्यक्षबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "जुगाराक गटाचे पैसे?" सगळ्या हसल्या. दोन दिवसांत गावभर झालं की अमक्यांच्या पडवीत बायलमाणसां जुगार खेळतत, आणि मासेवालीला सोबत बसवून खेळतत. त्या दुसऱ्या वाक्याचा वास मला पहिल्यापेक्षा जास्त आला.

हे बोलणाऱ्यांतले निम्मे बाप्ये देवळामागच्या शेडमध्ये रोज तीन पत्ती खेळायचे. पैसे लावून. त्यांना कोणी काही म्हटलेलं मला आठवत नाही.

माझे थोरले दीर देवळाच्या कमिटीवर होते. माझ्याशी ते थेट बोलत नसत, भिंतीला किंवा वर्तमानपत्राला सांगायचे आणि मी ऐकायचं. श्रावणातल्या एका रविवारी ते देवळातून लवकर परतले. आमचा डाव संपत आला होता. जावेला एकच घर बांधायचं राहिलं होतं आणि फासे तिच्या हातात होते.

"माका चाय व्हयी," पायरीवरूनच ते म्हणाले.

ती मान वर न करता म्हणाली, "वायच थांबा."

मी दचकून तिच्याकडे बघितलं. तिच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झालेली. त्यांना थांबा म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तिने फासे टाकले, हवं ते मिळालं, घर ठेवलं आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवून ओरडली, "मी जिकलंय!" मग उठून चहा ठेवायला गेली. दिरांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत पाणी बघायला गेले. चुलीत जळका पुठ्ठा होता. वर काळी पडलेली तीन-चार घरं, बोटाच्या पेराएवढी. बेटाच्या एका तुकड्यावरचं शेत अजून अर्धं पिवळं दिसत होतं. हंड्यातल्या पाण्याला वाफ येत होती.

मागे जाऊ उभी होती. "त्यांनी घातल्यानी," ती हळूच म्हणाली.

मी तशीच पुढच्या दारी गेले. दीर पेपर वाचत होते.

"भावोजी, खेळ तुम्ही जाळलात?"

ते पेपरला म्हणाले, "घरात जुगार चलाचो नाय."

"पैसे कुठे होते त्यात?"

"पत्ते होते मां?"

एवढंच. पान उलटलं. मला त्यांच्या हातातला तो पेपर ओढून त्याच चुलीत घालावासा वाटला. नाही घातला. आत आले तर नवरा म्हणाला, "एवढा काय त्यात? भावाक सांग, दुसरो हाडतलो." मी त्याला विचारलं, "तुला काय वाटतं, खोका जळला म्हणून मी चिडलेय?" तो खरंच गोंधळून बघत राहिला. त्या गोंधळाचा राग मला दिरांवरच्या रागापेक्षा जास्त दिवस पुरला.

आणि जाऊ? ती म्हणाली, "गेला ता गेला. तू कित्याक जीवाक लावून घेतंस?" ज्या हातांनी ती टाळी वाजवली होती त्याच हातांनी तिने चुलीतली राख भरली.

मग चतुर्थी आली. मुंबईचे पाहुणे आले. माजघरात गणपतीसमोर चटई अंथरून पुरुषांची रमी बसली, नोटा चटईखाली. दरवर्षीसारखीच. मी आणि जाऊ ट्रे भरभरून चहा देत होतो. दिरांनी पत्ते पिसता पिसता कप उचलला.

दिवाळीनंतर मी सावंतवाडीला गेले. लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराला कागदावर काढून दाखवलं. एवढी एवढी घरं, एवढे रस्ते, चार रंगांत.

"पोरांच्या खेळाक?" त्याने विचारलं.

"नाय, आमच्या," मी म्हटलं.

त्याच्या दुकानात गंजिफाचे गोल रंगवलेले पत्ते मांडले होते. बाहेरगावचं एक कुटुंब ते हातात घेऊन किती कौतुक करत होतं. हेही पत्तेच होते. पण त्यांना कोणी चुलीत घालणार नव्हतं.

बेटाचे तुकडे मी जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यातून कापले. पत्ते नर्सने केले, औषधांच्या खोक्यांचे, बांगड्याचं चित्र मासेवालीने सांगितलं तसं. "शेपटी अशी नसता गो," म्हणत तिने ते तीनदा खोडायला लावलं. आम्ही नर्सच्या क्वार्टरमध्ये खेळू लागलो. चौथी अंगणवाडीताई आली. मी दर रविवारी निघताना जावेला विचारायचे. "माका नको गो, काम आसा," ती म्हणायची. काम नसायचं. मी विचारायचं सोडलं नाही.

तीन वर्षं अशी गेली. पुन्हा चतुर्थी, पुन्हा तेच पाहुणे, तीच चटई. दिरांना त्या दिवशी लहर आली आणि त्यांनी पाहुण्यांना गोष्ट सांगितली: "आमच्या धाकटीने विलायती जुगार आणला होता, मी त्याच्यावर पाणी तापवून आंघोळ केली!" पाहुणे खदखदून हसले. नवराही हसला.

मी चहाचा ट्रे जमिनीवर ठेवला. "ही हसायची गोष्ट नाही," मी म्हटलं. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "जुगार म्हणून नाही जाळलात तुम्ही. वैनी तुम्हाला थांबा म्हणाली म्हणून जाळलात. ती जिंकली होती त्या दिवशी. हे पण सांगा ना पाहुण्यांना."

दीर पहिल्यांदा माझ्याकडे, भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात जाऊ उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "चाय निवता," आणि आत गेली.



गणपती गेले. पुढच्या रविवारी मी चपला घालत होते. विचारणार तोच आतून आवाज आला, "थांब गो, मी येतंय." पदर सारखा करत ती बाहेर आली. ओसरीवर दीर बसले होते. त्यांनी विचारलं, "खंय?" ती चपला घालून माझ्या आधी पायरी उतरली.

नर्सने चहा केला. अंगणवाडीताईने आपली जागा तिला दिली. मासेवाली म्हणाली, "इलंस? आता बघ, कशी लुटतंय तुका." आणि खरंच लुटलं. जावेला काहीच आठवत नव्हतं. कशाला किती पत्ते लागतात, घर कुठे बांधता येतं, सगळं गेलं होतं. जी बाई आमच्या सगळ्यांचे रस्ते आधी ओळखायची ती लाकडी तुकडा हातात धरून मला विचारत होती, "ह्यो खंय ठेवू गो?"

मी तिला जागा दाखवली. ती सगळ्यांच्या मागे राहिली आणि हसून म्हणाली, "होवंदे." मला हसता आलं नाही. मी पुठ्ठे पुन्हा मांडायला घेतले.