सासूबाई आणि पॅरिसची मेट्रो

मंडळी, माझी मुलगी आज मैत्रिणींबरोबर जर्सी सिटीहून पहिल्यांदाच पॅरिसला निघाली. एका दिवसात सगळं बघायचा तिचा प्लॅन ऐकून मला सासूबाई आठवल्या.

ऐंशीच्या दशकात सासूबाईंना भारतात सोडायला जाताना आम्हीही पॅरिसला एक दिवस थांबलो होतो. ह्यांना एकही जागा चुकवायची नव्हती. धावतपळत मेट्रो गाठली. सासूबाई आत चढल्या आणि दार बंद झालं. आम्ही दोघं प्लॅटफॉर्मवरच!

मागच्या गाडीनं गेलो, तर पुढच्या स्टेशनवर त्या नव्हत्या. त्याच्या पुढेही नाही. त्यांना मराठीशिवाय काही येत नव्हतं, पासपोर्ट ह्यांच्या खिशात.

शेवटी परत फिरलो, तर सासूबाई पहिल्याच स्टेशनवर बाकावर बसलेल्या!

"उलट्या गाडीनं आले," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे हिंडत होतात?"

हे आईचा हात धरून तिथेच रडायला लागले. मग विमानाच्या वेळेपर्यंत आम्ही तिघं नदीकाठी नुसते बसून राहिलो. माझ्यासाठी पॅरिस म्हणजे तेवढंच, आणि ते पुरलं.

मुलीला म्हटलं, "चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा."

"आई, रिलॅक्स! वी हॅव फोन्स."

तुम्ही असता तर आणखी काय सांगितलं असतं?